रंगीत खडू कुणाच्या हातात?

‘किती’ हा शब्द जरा थांबून बघा. पहिल्या अक्षरात वेलांटी डावीकडे आहे आणि क तिच्यानंतर. दुसऱ्या अक्षरात त आधी आहे आणि वेलांटी उजवीकडे. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, त्यामुळे ‘कि’मध्ये डोळ्यांना आधी वेलांटी भेटते, पण तोंडातून आधी क् बाहेर पडतो आणि मग इ. तुम्ही-आम्ही हा शब्द इतक्या वेळा वाचलाय की यात काही विचित्र आहे असं वाटतच नाही. पाच वर्षांच्या मुलीला वाटतं. माझ्या भाचीने पहिल्या काठीवर बोट ठेवून विचारलं, “मामा, ही आधी आलीये ना? मग हिला आधी का नाही म्हणायचं?”

मजा म्हणजे कॉम्प्युटर या बाबतीत भाचीच्या कानाच्या बाजूने आहे. फाइलमध्ये आधी क साठवला जातो आणि मग वेलांटी, म्हणजे उच्चाराच्याच क्रमाने. पडद्यावर दाखवताना फॉन्ट आणि त्याच्या मागचं सॉफ्टवेअर ती वेलांटी उचलून डावीकडे नेऊन ठेवतं. कागदावर मात्र हे हलवणं दिसत नाही. तिथे वेलांटी आधीपासूनच चुकीच्या बाजूला उभी असते आणि मुलाने हे आपलं आपण समजून घ्यायचं असतं.

भाची इंग्रजी माध्यमात आहे. मराठी वाचायला शिकणं हे घरचं काम, आणि घरी वेळ कुणाला आहे? त्यामुळे ताईने सरळ सांगितलं, “तू कॉम्प्युटरवाला आहेस ना, मग तिला रंगीत अक्षरांची कार्डं करून दे. काना लाल, वेलांटी हिरवी, उकार निळा. पटापट वाचेल.” एका रविवारी होणारं काम होतं. पण ‘पटापट वाचेल’ या दोन शब्दांवर मी अडकलो. लाल दिसलं की ‘आ’ म्हणायचं आणि हिरवं दिसलं की ‘ई’, याला वाचणं म्हणायचं का? की ते रंग ओळखणं झालं, जे तिला दोन वर्षांपासून येतंच आहे? आणि तसं असेल, तर तिला ‘तू वाचलंस’ असं सांगून टाळ्या वाजवणारे आपण तिच्याशी खरं बोलतोय का?

प्रश्न कार्डांचा वाटतो, पण तो मदतीचा आहे. लहान माणसाला, म्हणजे आपल्याहून कमी ताकद असलेल्या माणसाला, आपण मदत करतो तेव्हा कुठपर्यंत ती त्याची होते आणि कुठून पुढे आपण त्याच्या वतीने जगायला लागतो?

*

आधी एक बाजू निकालात काढतो, कारण हा विषय काढला की ती हमखास येते. ‘आमच्या वेळी कुठे होते रंग? पाटी आणि पेन्सिल. गिरवा. चुकलं तर परत गिरवा. आलं ना वाचायला?’ आलं, ज्यांना आलं त्यांना. ज्यांना आलं नाही ते आज आपल्याशी यावर वाद घालायला इथे नाहीत. ‘प्रथम’च्या पुढाकाराने होणाऱ्या ‘असर’ या पाहणीत २०२२ साली ग्रामीण भारतातल्या तिसरीतल्या मुलांपैकी साधारण पाचात एक मूल दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत होतं. उरलेल्या चौघांना ‘अजून थोडं सोसा, कष्टाने माणूस घडतो’ असं सांगणं मला क्रूर वाटतं. अक्षर कठीण आहे म्हणून ते पवित्र होत नाही. वेलांटी डावीकडे असण्यात काही संस्कार नाही. तो लिपीच्या इतिहासातून आलेला एक वळसा आहे आणि तो वळसा मुलाला दाखवून देण्यात कसलाही अधर्म नाही.

म्हणजे मदत करायची, यावर माझ्या मनात वाद नाही. वाद कोणती मदत करायची यावर आहे.

*

माझ्या धंद्यात हा वाद वेगळ्या कपड्यांत रोज भेटतो. आम्ही कोड लिहितो तो एडिटर रंगीत असतो. भाषेचे राखीव शब्द एका रंगात, अवतरणातला मजकूर दुसऱ्या रंगात, टिपणं करड्या रंगात. याला सिंटॅक्स हायलायटिंग म्हणतात. बहुतेक इंजिनियरांना त्याशिवाय कोड वाचणं म्हणजे चष्मा विसरून ऑफिसला येण्यासारखं वाटतं. मलाही वाटतं.

पण गो या प्रोग्रॅमिंग भाषेच्या निर्मात्यांपैकी एक, रॉब पाइक, यांना हे रंग आवडत नाहीत. २०१२ साली त्यांनी या रंगांना पोरकटपणा म्हटलं आणि कारण दिलं ते साधारण असं: लहानपणी मला रंगीत कांड्यांवर गणित शिकवलं होतं, मग मी मोठा झालो आणि आता काळे आकडे वापरतो. आमच्या क्षेत्रात हा टोमणा प्रसिद्ध आहे. एडिटरच्या रंगांवरून वाद पेटला की कुणीतरी तो काढतोच.

टोमणा झकास आहे, पण त्याच्या आतच त्याचं उत्तर आहे. त्या कांड्या म्हणजे बहुधा क्विझनेअरच्या. जॉर्ज क्विझनेअर हे बेल्जियममधले शिक्षक. त्यांनी एक ते दहा सेंटिमीटर लांबीच्या लाकडी कांड्या केल्या, प्रत्येक लांबीला ठरावीक रंग. मूल लाल कांडीशेजारी लाल कांडी ठेवतं आणि दोन्ही मिळून जांभळ्या कांडीएवढ्या झाल्या हे स्वतःच्या डोळ्यांनी बघतं. दोन अधिक दोन चार. पाइक मोठे होऊन रंगाशिवाय गणित करू शकले, कारण त्या कांड्यांमधला रंग त्यांना कुठेही अडकवून ठेवत नव्हता. रंग काढून घेतला तरी लांबी तिथेच होती. दोन लाल कांड्या काळ्या रंगवल्या असत्या तरी त्या चारच्या कांडीएवढ्याच भरल्या असत्या.

एडिटरमधल्या रंगांचंही असंच आहे. कोडमध्ये अवतरणचिन्ह बंद करायला विसरलात तर खालच्या सगळ्या ओळी अचानक एकाच रंगाच्या होतात आणि चूक डोळ्यांत खुपते. हा रंग बाहेरून कुणी आणून लावलेला नाही, तो मजकुरातच असलेल्या रचनेवरून निघालाय. पण त्याची मर्यादाही तेवढीच स्पष्ट आहे. ‘एकूण रक्कम’ जिथे लिहायची तिथे मी ‘उपरक्कम’ लिहिली, तर एडिटर तीही तितक्याच सुंदर रंगात दाखवतो. रंग मला कुठे बघायचं ते सांगतो. जे दिसलं ते बरोबर की चूक, हे मलाच ठरवावं लागतं.

इथे मला पहिला फरक सापडल्यासारखा वाटला. एक रंग बोट दाखवतो आणि एक रंग उत्तर सांगतो. ‘कि’मधली वेलांटी आणि क एकाच निळ्या रंगात दाखवले, तर मी भाचीला एवढंच सांगतोय की ही दोघं एका घरातली आहेत, वेगळी मोजू नकोस. ही माहिती अक्षरातच आहे. तिथे काय म्हणायचं, हे तिलाच काढायचंय.

*

आता दुसरा शब्द घ्या, ‘जात’. ‘ती शाळेत जात आहे’ आणि ‘त्याने जात विचारली’. दोन्हीकडे अक्षरं तीच आहेत. पण पहिल्या ‘जात’मधला ज दातांजवळचा, ‘जहाज’मधल्यासारखा, दुसऱ्यातला ज ‘जीवन’मधल्यासारखा. ‘चार’ आणि ‘चारा’ यांच्यातल्या च चं तसंच. मराठीत च आणि ज या अक्षरांचे दोन-दोन उच्चार आहेत आणि लिहिताना आपण त्यांत फरक करत नाही. अनुस्वाराचा ठिपकाही असाच बहुरूपी आहे: ‘अंक’मध्ये तो एक बोलतो, ‘अंत’मध्ये दुसरं आणि ‘आंबा’मध्ये तिसरं.

समजा मी ठरवलं की दातांजवळचा ज नारिंगी आणि दुसरा ज तपकिरी. भाची दोन्ही वाक्यं न अडखळता वाचेल. पण कोणता ज नारिंगी करायचा हे मला कसं कळलं? मी वाक्य वाचलं, त्याचा अर्थ लावला आणि मग रंग दिला. म्हणजे वाचनाचं खरं काम, अर्थावरून आवाज ठरवण्याचं, ते मी केलं. तिच्या वाट्याला माझ्या वाचनाचा निकाल आला. ‘जात’ या शब्दाचे दोन उच्चार कळायला आधी जाणं काय असतं आणि जात काय असते हे कळावं लागतं, आणि या देशात त्यातली दुसरी गोष्ट मूल वाचायला शिकण्याच्या किती आधी शिकतं हा वेगळाच विषय आहे. पण मुद्दा हा, की ते कळणं नारिंगी रंगाने भागत नाही.

म्हणजे नियम तयार झाला का? बोट दाखवणारा रंग चांगला आणि उत्तर सांगणारा वाईट? मलाही काही दिवस तसंच वाटत होतं. मग मी कालेब गातेन्यो यांच्याबद्दल वाचलं आणि नियम डळमळला.

*

गातेन्यो यांचा जन्म १९११ सालचा, इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचा. गणिती माणूस. क्विझनेअरच्या त्या कांड्या जगभर पोचवण्यात सर्वांत मोठा हात त्यांचाच. १९५७ मध्ये ते युनेस्कोच्या कामासाठी इथिओपियात होते, तिथल्या साक्षरतेच्या प्रश्नावर. इथिओपियाची लिपी आपल्या बाराखडीची लांबची मावशी शोभेल अशी आहे. प्रत्येक व्यंजनाचं एक मूळ रूप आणि स्वर बदलला की त्याच रूपात थोडा फरक, अशी सात-सात रूपं. तिथे त्या लिपीला ‘फिदेल’ म्हणतात. तिथल्या कामातून गातेन्यो यांच्या डोक्यात रंगांची कल्पना पक्की झाली आणि पुढे त्यांनी ती इंग्रजीला लावली. इंग्रजीचं दुखणं आपल्याला माहीत आहेच. सव्वीस अक्षरं, चाळीसहून जास्त आवाज आणि कुठल्या अक्षराने कुठे काय बोलावं याला धरबंध नाही. त्यांनी प्रत्येक आवाजाला एक रंग दिला. स्पेलिंग काहीही असो, आवाज तोच असेल तर रंग तोच. या पद्धतीचं नाव ‘वर्ड्स इन कलर’. तिच्या भिंतीवरच्या मोठ्या तक्त्यांना त्यांनी इथिओपियाची आठवण ठेवून ‘फिदेल’ हेच नाव दिलं.

हा रंग सरळसरळ उत्तर सांगतो. माझ्या नियमाप्रमाणे हे वाईट व्हायला हवं. पण गातेन्यो यांनी एक गोष्ट केली होती. रंग फक्त भिंतीवर होते. मुलांच्या हातातली पुस्तकं पांढऱ्यावर काळी, आणि मुलं लिहायचीही एकाच रंगात. पुस्तकात अडलं तर मान वर करायची, भिंतीवर शोधायचं, तिथून आवाज घ्यायचा आणि परत काळ्या अक्षराकडे यायचं. रंग आणि पुस्तक यांच्यामध्ये काही फुटांचं अंतर होतं, आणि त्या अंतरात मुलाचं स्वतःचं काम होतं: काय अडलंय हे ओळखणं, कुठे शोधायचं हे ठरवणं, सापडलेलं लक्षात ठेवून परत येणं. शब्दकोशही आपल्याला उत्तरच देतो, पण शब्दकोश वापरणाऱ्याला आपण फसवा वाचक म्हणत नाही, कारण उठून शेल्फपर्यंत तो स्वतः गेलेला असतो.

त्यांच्या एका पुस्तकाचं नाव ‘व्हॉट वी ओ चिल्ड्रन’ असं आहे, म्हणजे मुलांचं आपण काय देणं लागतो. १९७० सालचं. शिकवणं हे शिकण्याच्या ताब्यात असावं, हा त्यांचा आग्रह. शिक्षकाने काय दाखवलं यापेक्षा मुलाने काय केलं हे मोजा. त्यामुळे ‘रंग उत्तर सांगतो का’ एवढं विचारून भागणार नाही. ‘रंग असताना मूल काय काम करतंय’ हे विचारायला हवं.

*

त्याच काळात इंग्लंडमध्ये आणखी एक प्रयोग चालला होता. जेम्स पिटमन यांनी नवशिक्यांसाठी एक वेगळी वर्णमाला केली, सुमारे ४४ चिन्हांची, एका आवाजाला एक चिन्ह. इथे रंग नव्हते, पण हेतू तोच: इंग्रजीचा खडबडीतपणा मुलापासून काही काळ दूर ठेवायचा. १९६१ पासून अनेक शाळांमध्ये मुलं याच वर्णमालेतली पुस्तकं वाचू लागली. सुरुवातीला वाचायलाही भराभर लागली. अडचण पुढे आली, नेहमीच्या इंग्रजीकडे वळताना. शिकलेली काही स्पेलिंगं विसरून नवी शिकावी लागली आणि काही मुलांना ते फार जड गेलं. सत्तरच्या दशकात हा प्रयोग ओसरला.

याच्या शेजारी हिब्रू ठेवून बघा. हिब्रूत मोठ्यांच्या पुस्तकांत आणि वर्तमानपत्रांत बहुतेक स्वर लिहीतच नाहीत. लहान मुलांच्या पुस्तकांत मात्र अक्षरांच्या खाली-वर ठिपके आणि रेघा देऊन स्वर दाखवलेले असतात. मूल मोठं होतं तशी ठिपक्यांची पुस्तकं मागे पडतात. ही मदत तर थेट पानावर आहे, भिंतीवरही नाही. तरी ती चालते, कारण ठिपके काढले की खाली तीच अक्षरं, त्याच जागी उरतात. पिटमनच्या वर्णमालेत मदत काढली की शब्दच बदलायचा.

गावाकडे विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला डबा नाही तर सुका भोपळा बांधतात. डबा बांधलेला असतानाही हातपाय तुम्हालाच मारायचे असतात, आणि डबा सुटल्यावरही तेच हातपाय तसेच मारायचे असतात. काकाने पोटाखाली हात धरून विहिरीभर फिरवून आणलं, तर मजा येते, फोटोही छान येतो, पण पोहणं काकाचंच होतं.

*

आता थोडं व्यवहाराचं, कारण नैतिक प्रश्न हवेत सुटत नाहीत.

वेबवर देवनागरीतली नुसती मात्रा रंगवायचा प्रयत्न करून बघा. काही ठिकाणी ती अक्षरापासून तुटते आणि तिच्या जागी तुटक ठिपक्यांचं वर्तुळ उभं राहतं, जणू लिपीच म्हणतेय, अक्षराशिवाय मात्रा दाखवणं मला जमणार नाही. जोडाक्षरांत तर विचारूच नका. ‘क्ष’मधला क कुठे संपतो आणि ष कुठे सुरू होतो? ‘सूर्य’मधला र डोक्यावर चढलाय, ‘चक्र’मधला पायाशी तिरकी रेघ होऊन पडलाय आणि ‘राष्ट्र’मधल्या दुसऱ्या र चा तर आकारच बदललाय. इथे रंगाचा खरा उपयोग आहे. हे तिन्ही र एकाच रंगात दाखवले की मुलाला एकच माणूस तीन वेषांत दिसतो. रंग कुठे द्यायचा याचं उत्तर ‘जिथे लिपी स्वतःला लपवते तिथे’ असं असू शकतं. ‘कमळ’, ‘गवत’, ‘बदक’ यांना रंगवण्यात काही अर्थ नाही. तिथे लपलेलं काहीच नाही.

दुसरी गोष्ट, सगळ्यांना सगळे रंग दिसत नाहीत. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांमध्ये साधारण बारात एकाला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. भारतात हे प्रमाण त्याहून कमी आहे, पण मोठ्या वर्गात असा एखादा मुलगा असण्याची शक्यता बरीच आहे. आणि आपण सर्वांत आधी कोणते रंग निवडतो? लाल आणि हिरवा. त्या मुलाला दोन्ही मातकट दिसतात, शेजारचा धडाधड वाचतो आणि हा स्वतःला ढ समजू लागतो. वेबसाइट सर्वांना वापरता यावी यासाठीचे जे आंतरराष्ट्रीय नियम आम्ही पाळतो, त्यांत स्पष्ट लिहिलंय की कोणतीही माहिती फक्त रंगावर सोपवू नका, सोबत आकार, रेघ, शब्द असं काहीतरी द्या. बँकेच्या अ‍ॅपमधल्या चुकीच्या संदेशासाठी आम्ही हे पाळतो. पहिलीच्या कार्डांसाठी का नाही?

तिसरी गोष्ट झेरॉक्स. रंगीत छपाई महाग असते. एका शिक्षिकेने मेहनतीने केलेली रंगीत कार्डं दहा शाळांपर्यंत पोचता पोचता करडी होतात. रंगाशिवाय जिचा अर्थच उरत नाही ती मदत फक्त परवडणाऱ्यांपुरती राहते. एक साधी चाचणी करता येईल: कार्डाची काळी-पांढरी प्रत काढा. काही शिकण्यासारखं उरलं का?

आणि चौथी, रंग विकलाही जातो. वाचायला त्रास होणाऱ्या मुलांच्या आईबापांना रंगीत काचेचे चष्मे आणि पानावर ठेवायचे रंगीत पारदर्शक कागद उपाय म्हणून विकले गेले. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ साली एकत्र निवेदन काढून सांगितलं की डिस्लेक्सियासारख्या वाचनाच्या अडचणींवर याचा उपयोग होतो असं मानायला पुरेसा पुरावा नाही. आपलं मूल मागे पडतंय या भीतीइतकं गिऱ्हाईक पटकन तयार करणारं दुसरं काही नसेल. ‘पटापट वाचेल’ हे वाक्य जिथे दिसेल तिथे घाई कुणाची आहे हे बघायला हवं. मुलाला घाई नसते. भाची ‘किती’वर पाच मिनिटं आनंदाने बसली होती. घाई ताईला होती, थोडी मलाही, कारण फॅमिली ग्रुपवर व्हिडिओ टाकायचा असतो.

*

याच महाराष्ट्रात यावर वेगळ्या दिशेने विचार झालेला आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, १९५७ मध्ये ते कोसबाडला गेलं आणि अनुताई वाघ यांनी ते पुढे नेलं. माँटेसरीच्या पद्धतीत महागडी साधनं लागायची. यांनी आदिवासी पाड्यांतल्या मुलांसाठी बिया, पानं, शंख-शिंपले, खडे अशी आसपासची साधनं वापरली. खर्च वाचला हा एक भाग. मला त्यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. शिंपला मुलाने स्वतः वेचलेला असतो, तो कुठे ठेवायचा हे तेच ठरवतं. साधन मुलाच्या हातात असतं.

मग कार्डांचं मी काय केलं? ताईला काळ्या अक्षरांचीच पानं छापून दिली, मोठ्या ठशात, भरपूर मोकळी जागा सोडून. सोबत तीन रंगीत खडू. भाचीला सांगितलं, जिथे जिथे ‘इ’ ऐकू येईल तिथलं घर एका रंगाने रंगव. ऱ्हस्व असो की दीर्घ, डावीकडे असो की उजवीकडे. आता रंग द्यायचा तर आधी वाचावं लागतं, किमान कान देऊन ऐकावं तरी लागतं. आधीच रंगवलेल्या पानावर रंगापासून आवाजाकडे जायचं होतं, इथे आवाजापासून रंगाकडे. खडू तेच, काम उलटं. वेग अर्थातच कमी झाला. आजी म्हणाली, “यापेक्षा मी बाराखडी पाठ करून घेतली असती.” आजीचंही खोटं नाही. तालात म्हटलेली बाराखडी ही सुद्धा एक मदतच आहे, फक्त कानाने दिलेली. दोन्ही चालू आहेत.

*

एक प्रश्न मात्र माझ्याकडून सुटलेला नाही. वर मी सगळीकडे धरून चाललोय की चांगली मदत ती, जी एक दिवस काढून घेता येते. पण सगळ्यांच्या बाबतीत हे खरं आहे का? चष्मा आपण काढून घेत नाही. ज्या मुलाला ओळी एकमेकींत शिरल्यासारख्या वाटतात आणि ज्याला एक आड एक रंगीत ओळ असली की खरंच बरं वाटतं, त्याला ‘आता तू मोठा झालास, काळं वाच’ असं सांगायचा अधिकार मला कुणी दिला? त्या रंगाने जादू होते याला पुरावा नसेल, पण त्याला बरं वाटतं हा त्याचा अनुभव आहे आणि त्याच्यावर लादलेल्या परीक्षेपेक्षा मी तो जास्त मानतो. मीसुद्धा रंगीत एडिटर सोडलेला नाही आणि सोडणारही नाही. कदाचित ‘मदत सुटली का’ हा निकषच अपुरा असेल. मदत ठेवायची की सोडायची हे ठरवणं ज्याची मदत आहे त्याच्या हातात आलं का, हा प्रश्न मला जास्त रास्त वाटतो. पाच वर्षांच्या मुलीच्या हातात तो निर्णय पूर्ण देता येत नाही हे खरं. पण तिला विचारता येतं, आणि आपण ते क्वचितच करतो.

आणि हे फक्त मुलांपुरतं नाही. १९३५ मध्ये जॉन रिडली स्ट्रूप यांनी एक प्रयोग केला. ‘लाल’ हा शब्द निळ्या शाईत छापायचा आणि शाईचा रंग सांगायला लावायचा. वाचता येणारी माणसं अडखळतात. अक्षर समोर आलं की ते न वाचणं त्यांना जमत नाही. एकदा वाचायला शिकलं की अक्षर रंगावर मात करतं, असं यातून म्हणता येईल. पण तुमचा फोन बघा. रीलच्या खाली एकेक शब्द पिवळा होत पुढे सरकतो आणि डोळा त्याच्या वेगाने ओढला जातो. फॉरवर्डमध्ये संतापायचा शब्द ठळक करून आलेला असतो. थंबनेलवर लाल बाण कुठे बघायचं ते सांगतो, आणि बऱ्याचदा काय वाटायला हवं तेही. कुणीतरी आपल्या आधी मजकूर वाचलाय, त्याचा निकाल लावलाय आणि मग रंगवून आपल्याकडे पाठवलाय. नारिंगी ज आपल्यालाही रोज मिळतोय, आणि आपण न अडखळता वाचतोय.

भाचीला पुढे जे वाचावं लागेल त्यातलं बरंचसं कुणी रंगवलेलं नसेल. भाडेकरार, औषधाच्या पाकिटातला घडी घातलेला कागद, सातबारा, ऑपरेशनच्या आधी सही करायचा फॉर्म. या कागदांत महत्त्वाचं वाक्य बहुधा सर्वांत बारीक अक्षरात आणि मध्येच कुठेतरी असतं. तिथे लाल काय करायचं हे तिचं तिला ठरवावं लागेल, मनातल्या मनात, हातात खडू नसताना. त्याची तयारी पाचव्या वर्षी ‘किती’ या शब्दावर होते असं मी म्हटलं तर ताई हसेल. पण ती तयारी सुरू कधी होते, याचं दुसरं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.